आमदार, मंत्री, न्यायमूर्ती : कृष्ण अय्यर यांची वाटचाल



एप्रिल १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्याचा निकाल लागला आणि लगोलग शेलत, हेगडे आणि ग्रोव्हर या तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून ए. एन. रे यांना सरन्यायाधीश करण्यात आलं. तिघांनीही राजीनामे दिले. 'बांधिलकी मानणारी न्यायव्यवस्था' हवी असं सत्ताधारी पक्षातले लोक तेव्हा उघडपणे बोलत होते. अशा तापलेल्या वातावरणात जुलैमध्ये सुप्रीम कोर्टात नव्या नेमणुका झाल्या आणि त्यांत व्ही. आर. कृष्ण अय्यर यांचं नाव होतं. हे गृहस्थ तीनदा आमदार झालेले, कम्युनिस्टांच्या मंत्रिमंडळात कायदामंत्री राहिलेले. वकीलवर्गाच्या कपाळावर आठ्या उमटल्या यात नवल नाही. मुंबईच्या काही नामांकित वकिलांनी तर नेमणुकीला जाहीर विरोध केला. सोली सोराबजी हे त्यांच्यापैकी एक. अय्यर यांच्याबद्दलचा आपला अंदाज चुकला होता, हे सोराबजींनी पुढे मोकळेपणाने सांगितलं.

राजकारणातून आलेला माणूस न्यायासनावर बसला की तो पक्षाचं काम करणार, ही त्या विरोधामागची धारणा. आजही बार रूममध्ये ती सहज ऐकू येते. माझं म्हणणं वेगळं आहे. सरकारात बसून आलेल्या माणसाला सरकारच्या सबबी ओळखता येतात, आणि न्यायासनावर बसून त्याला याचा फार मोठा उपयोग होतो. कृष्ण अय्यर यांच्या कारकिर्दीत हा उपयोग दिसतो. त्याची दुसरी बाजूही दिसते, तीही मी सांगणार आहे.

आधी आपल्या मुंबईकडे जरा पाहू. १९७३ मध्ये विरोध करणारे वकील ज्या हायकोर्टाच्या परंपरेत वाढले, त्या परंपरेत असे न्यायमूर्ती आधीच होऊन गेले होते. काशिनाथ त्र्यंबक तेलंग १८८४ मध्ये मुंबई कायदेमंडळात गेले आणि १८८९ मध्ये, चाळिशीच्या आतच, हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. मधल्या काळात, १८८५ मध्ये, मुंबईत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं तेव्हा तेलंग त्यात पुढे होते. बद्रुद्दीन तय्यबजी १८८२ मध्ये कायदेमंडळात गेले, १८८७ मध्ये मद्रासच्या अधिवेशनात काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि १८९५ मध्ये न्यायमूर्ती. ही मंडळी सरकारनियुक्त सभासद होती, मतं मागून आलेली नव्हती, हा फरक मान्य. पण काँग्रेसच्या अध्यक्षापेक्षा अधिक राजकीय माणूस त्या काळी कुठून आणणार?

१८९७ मध्ये टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला झाला. जामिनाचे आधीचे अर्ज फेटाळले गेले होते. मग अर्ज तय्यबजींपुढे आला आणि त्यांनी जामीन दिला. टिळकांच्या वतीने तो अर्ज चालवणारे बॅरिस्टर होते दिनशा दावर. अकरा वर्षांनी, १९०८ मध्ये, तेच दावर न्यायासनावर बसले होते. त्यांनी टिळकांना जामीन नाकारला आणि पुढे सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. राजकारणातून आलेल्या न्यायमूर्तींनी जामीन दिला आणि निव्वळ वकिलीतून वर आलेल्यांनी नाकारला. एका उदाहरणावरून सिद्धान्त मांडू नये हे खरं, पण पूर्वायुष्यावरून निकालाचं भविष्य वर्तवणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवायला हरकत नाही.

आता मलबारकडे वळू. कृष्ण अय्यर मूळचे पालघाटचे. वडीलही वकील. अय्यर यांनी १९३८ मध्ये तलश्शेरीला वकिली सुरू केली. मलबार जिल्हा तेव्हा मद्रास इलाख्यात होता, आणि कुळं, शेतमजूर, कामगार यांच्या चळवळींनी तो भाग ढवळून निघाला होता. अशा लोकांचे खटले अय्यर यांच्याकडे येत. १९४८ मध्ये कम्युनिस्टांना कायद्याची मदत केल्याच्या आरोपावरून त्यांनाच सुमारे महिनाभर कोठडीत ठेवण्यात आलं. हा महिना लक्षात ठेवा.

१९५२ मध्ये ते अपक्ष म्हणून मद्रास विधानसभेवर निवडून आले. १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेत मलबार नव्या केरळ राज्यात गेला आणि १९५७ च्या निवडणुकीत ते तलश्शेरीतून पुन्हा अपक्ष म्हणूनच आले. १२६ जणांच्या त्या विधानसभेत कम्युनिस्ट पक्षाला ६० जागा मिळाल्या होत्या. पाच अपक्षांचा पाठिंबा मिळाला म्हणून ई. एम. एस. नंबूदिरिपाद यांचं सरकार बनलं. म्हणजे अय्यर यांच्यासारखे अपक्ष त्या सरकारला शोभेपुरते नव्हते, बहुमतच त्यांच्यावर तोललेलं होतं. अय्यर यांच्याकडे कायदा, वीज, पाटबंधारे, तुरुंग अशी खाती आली. नऊ वर्षांपूर्वी ज्या तुरुंगात ते कैदी होते, ते तुरुंग आता त्यांच्या अखत्यारीत आले.

मंत्रिपदाची दोन-सव्वादोन वर्षं मी भरभर ओलांडतो. त्या सरकारच्या शिक्षण विधेयकावर आणि जमीन सुधारणेवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. ३१ जुलै १९५९ रोजी केंद्राने ते सरकार बरखास्त केलं. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्या काळातली एक गोष्ट मोलाची आहे. गरीब माणसाला कोर्टात सरकारी खर्चाने वकील मिळावा यासाठी केरळमध्ये नियम झाले. देशात या कल्पनेची अशी व्यवस्थित सुरुवात तिथे झाली.

१९६० च्या निवडणुकीत अय्यर अगदी थोड्या मतांनी पडले. त्यांनी निवडणूक याचिका दाखल केली आणि तिच्यात त्यांच्या बाजूने निकाल लागून ते पुन्हा आमदार झाले. १९६५ मध्ये मात्र ते हरले, वकिलीकडे परतले आणि १९६८ मध्ये केरळ हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. निवडणूक लढवणं, हरणं, निकालाविरुद्ध कोर्टात जाणं, जिंकणं, पुन्हा हरणं, हे सगळं अंगावरून गेलेला माणूस सुप्रीम कोर्टात पोहोचला होता. जून १९७५ मध्ये त्याच्यासमोर कोणता खटला यावा? पंतप्रधानांच्या निवडणुकीचा.

१२ जूनला अलाहाबाद हायकोर्टाचे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी इंदिरा गांधींची रायबरेलीची निवडणूक रद्द केली. सुप्रीम कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी होती आणि सुट्टीतले न्यायमूर्ती होते कृष्ण अय्यर. त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलं आहे की कायदामंत्री ह. रा. गोखले यांनी फोन करून भेटीची इच्छा व्यक्त केली. अय्यर यांनी नकार दिला. अपील करायचं तर रजिस्ट्रारकडे कागद दाखल करा, भेट कशाला, एवढंच त्यांचं म्हणणं. गोखले हे मुंबई हायकोर्टाचे माजी न्यायमूर्ती, राजीनामा देऊन राजकारणात गेलेले. फोनच्या एका टोकाला न्यायमूर्तीचा मंत्री झालेला माणूस आणि दुसऱ्या टोकाला मंत्र्याचा न्यायमूर्ती झालेला. कोर्टाची पायरी कुठे सुरू होते याचं भान त्या दिवशी दुसऱ्याला अधिक होतं, असं म्हटलं तर मराठी श्रोत्यांनी रागावू नये.

सुनावणीत इंदिरा गांधींकडून नानी पालखीवाला आणि त्या निवडणुकीला आव्हान देणारे राजनारायण यांच्याकडून शांतिभूषण उभे होते. २४ जूनला आदेश आला. पूर्ण स्थगिती मिळाली नाही. पंतप्रधानपद राहील, लोकसभेत बसता येईल, बोलता येईल, पण खासदार म्हणून मतदान करता येणार नाही आणि त्या नात्याने मानधनही मिळणार नाही. निवडणूक याचिकेत अशी सशर्त स्थगिती ही वकिलांच्या ओळखीची वाट होती. पंतप्रधान आहेत म्हणून अय्यर यांनी ती रुंद केली नाही, आणि विरोधकांचा घोष मोठा म्हणून बंदही केली नाही. दुसऱ्या दिवशी रामलीला मैदानावर जयप्रकाश नारायण यांची सभा झाली आणि त्या रात्री आणीबाणी आली. पुढचं आपण जाणतो.

त्या आदेशात एक मुद्दा आहे, तो वाचताना मला आमदार अय्यर ऐकू येतात. कायदा जाचक वाटला तरी कोर्टाच्या दृष्टीने तो कायदाच राहतो. मात्र अशा कायद्याने विधिमंडळाला जाग यायला हवी आणि त्याने तत्परतेने पावलं उचलायला हवीत, असा त्याचा आशय. संसदेने तत्परता दाखवली, पण भलतीच. ऑगस्टमध्ये निवडणूक कायदा पूर्वलक्षी प्रभावाने बदलून घेतला गेला.

कम्युनिस्ट सरकारातला मंत्री, काँग्रेस सरकारने नेमलेला, म्हणून तो सरकारला हवं ते देईल, हा १९७३ चा हिशेब दोन वर्षांत असा चुकला. याच्या उलटही घडतं, हे लपवण्यात अर्थ नाही. बहारुल इस्लाम राज्यसभेतून गुवाहाटी हायकोर्टात गेले, १९८० मध्ये सुप्रीम कोर्टात आले, १९८२ च्या अखेरीस बिहारचे मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्रा यांच्यावरचा खटला मागे घेऊ देणाऱ्या निकालात सहभागी झाले, पुढच्याच महिन्यात राजीनामा दिला आणि त्याच वर्षी काँग्रेसतर्फे पुन्हा राज्यसभेत गेले. आणि १९७३ मध्ये डावलले गेलेले हेगडे? तेही एके काळी काँग्रेसचे राज्यसभा सदस्यच होते. काँग्रेसच्याच सरकारला त्यांचे निकाल झोंबले. वाट एकच असली तरी तिच्यावरून जाणारी माणसं वेगवेगळी निघतात.

आता ज्या निकालांसाठी अय्यर यांचं नाव राहिलं, त्यांतले तीन सांगतो.

पहिला आपल्या महाराष्ट्रातून गेलेला, १९७८ चा होसकोट खटला. विद्यापीठाच्या बनावट पदव्या तयार करण्याच्या प्रयत्नाचं प्रकरण. सेशन्स कोर्टाने कोर्ट उठेपर्यंत कैद आणि दंड अशी नाममात्र शिक्षा दिली. सरकार अपिलात गेलं आणि मुंबई हायकोर्टाने ती तीन वर्षांवर नेली. आरोपी सुप्रीम कोर्टात पोहोचला तो चार वर्षांहून अधिक उशिराने. कारण काय, तर हायकोर्टाच्या निकालाची नक्कल आपल्याला मिळालीच नाही. तुरुंगाचं म्हणणं, दिली होती. मग पोच कुठे आहे? पोच नव्हती.

अपील फेटाळलं गेलं. बनावट पदव्यांचं प्रकरण, त्यात दया दाखवण्यासारखं अय्यर यांना काही दिसलं नाही. पण न दिसलेल्या पोचपावतीपाशी ते थबकले. तुरुंग खातं सांभाळलेल्या माणसाला ठाऊक असतं की 'कैद्याला कळवण्यात आले' हे वाक्य फायलीत कसं येतं. त्यांनी नियम घालून दिला : शिक्षेच्या निकालाची प्रत कैद्याला ताबडतोब आणि फुकट द्यायची, तुरुंगामार्फत दिली तर लेखी पोच घ्यायची, आणि अपील करायला त्याची ऐपत नसेल तर सरकारने वकील द्यायचा. या शेवटच्या भागाचा धागा केरळच्या नियमांपासून निघतो. १९७३ मध्ये कायदेविषयक मदतीचा अहवाल देणाऱ्या केंद्राच्या समितीचे अध्यक्ष अय्यरच होते. १९७६ मध्ये घटनेत ३९-अ हे कलम आलं. होसकोट निकालात त्यांनी त्याच कलमाचा आधार घेतला. मंत्री म्हणून जे नियमात घातलं ते वीस वर्षांनी न्यायमूर्ती म्हणून हक्कात बसवलं. आपल्याकडे एका कामाच्या मागे इतकी वर्षं राहणारे लोक कमी.

दुसरा निकाल रतलामचा, १९८०. नगरपालिकेच्या हद्दीतली वस्ती. उघडी गटारं, दारूच्या कारखान्याचं सांडपाणी, सार्वजनिक शौचालय नाही म्हणून रस्त्याकडेला बसणारे लोक. रहिवाशांनी मॅजिस्ट्रेटकडे दाद मागितली, मॅजिस्ट्रेटने फौजदारी संहितेच्या कलम १३३ खाली पालिकेला काम करायला सांगितलं. पालिका थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि तिथे हात वर केले : पैसे नाहीत. हे ऐकून घेणाऱ्या न्यायमूर्तीने कधी काळी स्वतः खात्यांची अंदाजपत्रकं मांडलेली होती. गटार बांधणं हे पालिकेचं वैधानिक काम आहे, आणि पैसे नाहीत ही त्यावर सबब होऊ शकत नाही. कमी पडत असतील तर राज्य सरकारकडे मागा, पण मुदतीत काम करा. न्यायमूर्ती चिनप्पा रेड्डी त्यांच्याबरोबर होते. आपल्याकडच्या नगरपालिकांच्या वकिलांना हा निकाल आजही आवडत नाही.

तिसरा मोतीराम खटला, १९७८. मोतीराम मध्य प्रदेशातला गवंडी. सुप्रीम कोर्टाने त्याला जामीन दिला आणि तपशील मॅजिस्ट्रेटवर सोपवला. मॅजिस्ट्रेटने दहा हजारांचा जामीनदार मागितला. १९७८ चे दहा हजार, गवंडीकाम करणाऱ्या माणसाकडून. भाऊ जामीन राहायला तयार होता, पण त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात, म्हणून तोही नाकारला. सुप्रीम कोर्टाने सोडलेला माणूस जिल्ह्याच्या हद्दीपायी आतच राहिला. अय्यर यांनी रक्कम हजारावर आणली, जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं आणि परजिल्ह्यातला जामीनदार नाकारण्याच्या प्रथेवर असे कोरडे ओढले की वाचताना हसू येतं. दक्षिणेतला माणूस उत्तरेत पकडला गेला तर त्याने तिथे घरदार असलेला नातलग कुठून पैदा करायचा, असा त्यांचा सवाल. आपल्या कोर्टांत जामीनदाराकडे सातबारा, घरपट्टीची पावती, ऐपतीचा दाखला मागतात. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर आलेल्या परगावच्या माणसाला हे कोण देणार, हे इथे बसलेल्या वकिलांना मी सांगायला नको.

याच काळात सुनील बत्रा प्रकरणात खंडपीठातले न्यायमूर्ती तिहार तुरुंग प्रत्यक्ष पाहून आले, आणि एका कैद्याने दुसऱ्या कैद्याच्या छळाबद्दल लिहिलेलं पत्र याचिका म्हणून चालवलं गेलं. १९४८ चा तो महिना लक्षात ठेवायला सांगितलं होतं, ते यासाठी.

आता दुसरी बाजू. आमदारकी अंगात मुरलेल्या न्यायमूर्तीला विधिमंडळाची वाट पाहवत नाही. बंगळूर पाणीपुरवठा खटल्यात, १९७८ मध्ये, त्यांनी 'उद्योग' या संज्ञेत रुग्णालयं, विद्यापीठं, क्लब, धर्मादाय संस्था असं बरंच काही आणलं. कामगारांना संरक्षण मिळालं, पण दवाखाना आणि गिरणी यांना एकच माप लागू पडेल का, हा प्रश्न पुढच्या खंडपीठांना सतावत राहिला. संसदेने १९८२ मध्ये व्याख्या बदलली आणि ती बदललेली व्याख्या वर्षानुवर्षं अमलातच आणली नाही, हा विनोद वेगळा. फाशीच्या बाबतीत त्यांनी १९७९ च्या राजेंद्र प्रसाद खटल्यात मर्यादा इतकी आवळली की सहकारी न्यायमूर्ती ए. पी. सेन यांनी भिन्नमत लिहिलं : असली रेषा ओढणं संसदेचं काम. पुढच्याच वर्षी बचन सिंग खटल्यात बहुमताने तो निकाल मानला नाही. फाशीबद्दल माझं मन अय्यर यांच्या बाजूने आहे. पण त्या दिवशी सेन यांचा मुद्दा अधिक पक्का होता, असं मला वाटतं. मंत्र्याचा उतावळेपणा फायलीवर चालून जातो, निकालपत्रात तो पुढच्या खंडपीठाच्या हाती सापडतो.

आणि त्यांची इंग्रजी! एवढी अलंकारांनी लगडलेली की निकाल वाचताना शब्दकोश जवळ लागतो. गवंड्याच्या हक्कासाठी लिहिलेला निकाल गवंड्याच्या वकिलालाही दोनदा वाचावा लागावा, ही गोष्ट मला कधीच पटली नाही.

निवृत्तीनंतर, १९८७ मध्ये, ते विरोधी पक्षांचे उमेदवार म्हणून राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढले आणि आर. वेंकटरामन यांच्याकडून हरले. काहींना ते खटकलं. मला त्यात लपवाछपवी दिसत नाही. न्यायासनावर असताना त्यांनी कोणाकडे काही मागितलं नव्हतं. डिसेंबर २०१४ मध्ये कोचीला त्यांचं निधन झालं. विधिमंडळातून न्यायासनाकडे येणारी वाट इतरत्रही ओस पडली. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात ॲरिझोनाच्या सिनेटमधून आलेल्या सँड्रा डे ओ'कॉनर २००६ मध्ये निवृत्त झाल्या, आणि लोकांनी निवडून दिलेल्या विधिमंडळात बसलेलं कोणी तिथे उरलं नाही. आपल्याकडेही अशी वाट आता जवळपास बुजली आहे. न्यायमूर्ती निवृत्तीनंतर राजकारणात जातात, त्याची चर्चा होते. उलट्या दिशेने, विधिमंडळातून न्यायासनावर येणारं कोणी सहसा दिसत नाही.

त्यांच्या निकालांचं आज काय झालं, एवढं सांगून थांबतो. १९८० च्या प्रेम शंकर शुक्ला खटल्यात त्यांनी हातकड्या हा अपवाद ठरवला होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ मध्ये विशिष्ट गुन्ह्यांसाठी हातकडीची मुभा संसदेने दिली आहे. जामिनाच्या बाबतीत ३१ जानेवारी २०२३ रोजी सुप्रीम कोर्टाने पुन्हा निर्देश दिले : जामीन मंजूर होऊनही महिनाभरात अटी पुऱ्या करता आल्या नाहीत तर कोर्टाने त्या शिथिल करण्याचा विचार करावा, आणि स्थानिक जामीनदाराची अट घालू नये. मोतीरामनंतर ४५ वर्षांनी तेच पुन्हा सांगावं लागलं. त्या निर्देशाची प्रत दाखवल्यावर इथल्या कोर्टात काय उत्तर मिळतं, ते तरुण वकिलांनी मला नंतर चहाच्या वेळी सांगावं.